तिसऱ्या दिव्याची फियाट

मी, सरोजिनी जयसिंगराव इंगळे, वय अडुसष्ट, राहणार रामबाग, इंदूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाचाही धाक नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. मला मूलबाळ नाही. मी थकले आहे, म्हणून वाटण्या आजच करून मोकळी होते.

१. घर माझे दीर शरदचंद्र यांना. वरच्या मजल्यावर ते राहतातच. गळकं छप्परही त्यांनाच.

२. पोस्टातली शिल्लक, शिवणयंत्र आणि तांब्याची भांडी सखुबाईला. या घराचा स्वयंपाक तिने जन्मभर केला. जी चांदीची वाटी तिने चोरली असं धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, ती पुढे जाऊबाईंच्याच कपाटात निघाली. ती वाटीही सखुबाईलाच द्यावी, आणि जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने द्यावी.

३. माझ्या पश्चात मोटारगाडी माझी पुतणी, शरदभावजींची मुलगी मंजिरी हिला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

पंचावन्न साली माझ्या यजमानांनी ही गाडी मुंबईहून आणली. संस्थान गेलं, हुद्दा गेला, ऐट तेवढी राहिली होती. दिसायला ही चारचौघांसारखी फियाट. पण कारखान्याने मोजक्याच काढलेल्या, जोरदार इंजिनाच्या गाड्यांतली एक. ओळख म्हणजे पुढच्या जाळीत मधोमध तिसरा दिवा. यजमान म्हणायचे, "सरोजिनी, वाघ आहे हा!" आणि वाघावर कापड घालायचे. उन्हात रंग उडेल, गर्दीत ओरखडा पडेल. गाडी निघायची फक्त दसऱ्याला. हार, नारळ, चाकांखाली चार लिंबं. लिंबं चिरडत फाटकापर्यंत जायची आणि तिथून ढकलत मागे. मी शालू नेसून मागच्या सीटवर. "एकदा धारच्या रस्त्याला पळवा ना," मी दरवर्षी म्हणायची. "पुढच्या दसऱ्याला बघू," ते म्हणायचे.

चौसष्ट साली त्यांच्या छातीत कळ आली. भावजींनी किल्ली फिरवली, पण गाडीने हूं की चूं केलं नाही. उभ्या उभ्या बॅटरी कधीच मेली होती. वाघ दारात उभा आणि आम्ही टांग्यातून दवाखान्याला निघालो. वाटेत ते एवढंच बोलले, "गाडीवर कापड घातलं का?" मी हो म्हटलं. घातलं नव्हतं. दवाखाना यायच्या आत ते गेले. मला त्यांचा राग आला, अजून येतो, आणि तितकीच आठवणही येते.

मग मी नवी बॅटरी बसवून घेतली. भावजी म्हणाले, "वहिनी, सीधी-सादी फियाट आहे ही, नुसतं पेट्रोल पिते. पोलोग्राउंडला एक मेकॅनिक भिया आहे, इंजिन बदलून देईल, ॲव्हरेज वाढेल." मंजिरीने एकटीने विचारलं, "काकी, ये भागती कितनी है?" इतकी वर्षं त्या गाडीत बसून मला ते माहीत नव्हतं.

म्हणून गाडी तिला. इंजिन बदलू नये. लिंबांचं सरबत करावं. कापड पायपुसण्याला घ्यावं.

४. इथवर लिहून पुन्हा वाचलं. गाडी पळावी, पण मी मेल्यावर, अशी व्यवस्था मी करून ठेवते आहे. म्हणजे यजमानांचंच झालं, पुढच्या दसऱ्याला बघू! सबब कलम तीनमधले "माझ्या पश्चात" हे शब्द मी रद्द करते. मंजिरीला हाक मारून किल्ली आत्ताच दिली. ती म्हणाली, "काकी, मग कब चलायचं?"

उद्या दसरा आहे. सोनं द्यायला येणाऱ्यांनी संध्याकाळी यावं. सकाळी मी घरी नसेन. बेटम्यावरून धारला जाणाऱ्या रस्त्यावर असेन, पुढच्या सीटवर.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सरोजिनी जयसिंगराव इंगळे

साक्षीदार:
१. अरुंधती गोरे, शेजारी
२. डॉ. बाबूराव टिल्लू (नाडी पाहिली. शुद्धीत आहेत. गाडी बेताने चालवावी, हे माझं मत त्यांनी ऐकून घेतलं नाही.)

स्थळ: इंदूर, मध्य प्रदेश
दिनांक: १९ ऑक्टोबर १९६९