सरांचा थर्मास

सर,
नमस्कार. लांब उडी शिकवताना तुम्ही मला 'गोगलगाय' म्हणत इतके ओरडायचात, की स्वतः कोच झाल्यावर मी शपथच घेतली, पोरींवर आवाज चढवायचा नाही. बारा वर्षं पाळली. आज एकीने तोंड पाडून विचारलं, "ताई, माझ्यावर ओरडत का नाही? माझ्यात दम नाही म्हणून?"

मग ओरडले. कार्टीची उडी वीतभर लांब पडली! माझा मात्र घसा बसला. आता गरम पाणी पितेय.

तुमच्या थर्मासात चहाच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. खरं सांगा, गरम पाणी होतं का हो?

हे पत्र पाठवणार नाही. 'हो' म्हणालात, तर इतक्या वर्षांचा राग मी ठेवू कुठे?

तुमचीच,
गोगलगाय