छावणी उठल्यावर

१२ मार्च २०१२, अथेन्स
गावची लष्कराची छावणी उठणार. सरकारी खर्चकपातीचा अहवाल मीच लिहिलेला! धाकट्या भावाला, स्टेर्गिओसला, फोन केला. त्याची बेकरी चालते ती सैनिकांच्या पावावर. "तायडे, थेस्सालोनिकीचा एकजण दुकान विकत मागतोय. देऊन टाकू?" म्हटलं, वेडा का तू! सहा महिने कळ काढ. २००५ साली दक्षिणेतली छावणी उठवली, तेव्हा ते गाव सहा महिन्यांत सावरलं होतं. हिशेब मीच केला होता.

१६ एप्रिल
ईस्टरला गावी. छावणी रिकामी झालेली. सणाचा गोड पाव, आणि फळीवर तसाच पडून! भावजय फोतिनी म्हणाली, "न्या की अथेन्सला. तिथं खाणारी माणसं उरलीत म्हणे."

३ जुलै
समोरच्या कॅफेवाल्याने दोन्ही मुली कामावरून काढल्या. फोतिनी सांगत होती.

९ जुलै
सापडलं. देवा, सापडलं!
२००५ चे कागद पुन्हा काढले. तेव्हा छावणी उठली आणि काम गेलेली माणसं तिथल्या गिरणीने लगेच उचलली. बँक कर्ज द्यायला मागे लागायची. सगळीकडे काम होतं, म्हणून कपात पचली. आज आमच्याकडे गिरणी बंद, बँक दारात उभं करत नाही. सैनिक गेले म्हणून कॅफे बसला, कॅफे बसला म्हणून मुली घरी, आणि मुली घरी म्हणून पावही कमी. कपात तेवढीच, घाव कितीतरी मोठा. धडधाकट माणसाचा उपास मी आजाऱ्याला लावला. आणि वर भावाला सांगितलं, कळ काढ!

१० जुलै
साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही. "आकडा बदलला तर छावणी परत येणार आहे का, बाई?"

२८ ऑगस्ट
थेस्सालोनिकीच्या त्या माणसाचा नंबर मिळवला. हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. "आता फुकट दिलंत तरी नको," म्हणाला.
स्टेर्गिओसला कुठल्या तोंडाने सांगू?

१२ सप्टेंबर
सांगितलं. माझं चुकलं म्हटलं, रडले. तो चिडला असता तर बरं झालं असतं. नुसता "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

१३ सप्टेंबर
सकाळीच त्याचा फोन. "मी एकटा नाही थांबलो, तायडे. माझी बहीण सरकारात आहे, ती थांबा म्हणते, असं मी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. खाटीक, शिंपी, कॅफेवाला, सगळे दुकानं न विकता थांबले. रविवारी ये. त्यांना तूच सांग."