पांढऱ्या मुठीची सुरी कुणाची?

हॉपली, श्रॉपशर
३ मार्च २००९, मंगळवार

प्रिय लेनर्ड,

मी बरी आहे. तूही बरा असशीलच, तुला काय धाड भरलीय! कोंबड्या थंडीतून निभावल्या, तांबडी तेवढी अजून अंडी द्यायला तयार नाही. गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो. तुझ्या मार्जरीनं पाठवलेला संत्र्याचा मुरंबा पोचला, छान झालाय. तिला आठवणीनं सांग, कारण यापुढे जे लिहिणार आहे त्यात त्या बिचारीचा काही दोष नाही.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून पत्र. ते फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काल ब्रॉनवेनच्या खटल्याची तारीख होती. तू विसरला असशील असं मी क्षणभरही मानत नाही. कोर्टात मागच्या बाकावर तुझ्यासाठी माझी पिशवी ठेवून जागा धरली होती. एक बाई येऊन विचारून गेली, "इथं कुणी येणार आहे का?" मी म्हटलं, "हो, माझा भाऊ." शेवटी पिशवीच बसून राहिली तिथं.

काय घडलं ते तुला ठाऊक आहे, पण तू स्वतःला काहीतरी निराळं सांगत असशील, म्हणून पुन्हा सांगते. ऑक्टोबरच्या शेवटी, पितरांच्या दिवशी, आपलं चेटक्या-चेटकिणींचं मंडळ माझ्या कोठारात जमायचं होतं. तू शाळेतून थेट यायचा होतास. पांढऱ्या मुठीची सुरी आदल्या दिवशीच तू ब्रॉनवेनच्या हातात दिलीस. तेव्हा मी तिथं चहा ओतत होते, लेनर्ड. तू म्हणालास, "माझ्या गाडीत नको गं, शाळेच्या आवारात कुणी बघितलं तर पंचाईत. तू बसनं येतेस, तुझी पिशवी कोण तपासणार आहे?" आणि ती हसत म्हणाली, "द्या ना, माझ्या सुरीला सोबत होईल."

बसनं वळणावर कचकन ब्रेक मारला. पिशवी उलटली. सफरचंदं, मेणबत्त्या आणि दोन्ही सुऱ्या घरंगळत ड्रायव्हरपर्यंत गेल्या. एक म्हातारी किंचाळली. पुढच्या थांब्यावर पोलीस हजर.

आता ही पोर बालवाडीत शिकवते. चाकू बाळगल्याचा शिक्का बसला तर तिला पुन्हा कुणी मुलांच्या आसपास फिरकू देणार नाही. शू पुसायची, नाकं पुसायची, गाणी म्हणायची, यापलीकडे तिला दुसरं काही करायचंच नाहीये. तुझ्या खुर्चीपुढे तुला हे क्षुल्लक वाटत असेल. सप्टेंबरात मुख्याध्यापक होणार ना तू?

तिच्या स्वतःच्या काळ्या मुठीच्या सुरीचं काम सोपं झालं. मॅजिस्ट्रेट बाईंनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून बघितलं.

"याला धारच नाही की!"

"नसतेच, मॅडम," ब्रॉनवेन म्हणाली. "ती काही कापत नाही. तिनं फक्त वर्तुळ आखायचं. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं, एवढंच तिचं काम."

"आणि समजा कुणी तिनं केक कापला?"

"तर मला फार वाईट वाटेल, मॅडम."

लोक हसले. बाईसुद्धा हसल्या. माझ्या जिवात जीव आला.

मग सरकारी वकिलानं दुसरी उचलली. कोवळं पोरगं, गळ्यापर्यंत टाय. "आणि ही? हिला धार आहे?"

हो म्हणायलाच हवं होतं का तिनं? पण आपल्यात सुरीबद्दल खोटं बोलत नाहीत, असं तिला कुणी शिकवलं? तू! ती म्हणाली, "हो, चांगली धार आहे. काळी सुरी काही कापत नाही, म्हणून कापायचं सगळं हिच्यावर येतं. झाडपाला, दोरा, मेण."

"म्हणजे साधा चाकूच."

"नाही हो."

"तुमचा आहे?"

"मंडळाचा आहे."

"मुठीवर ही खूण कोरलीय. ही कुणाची?"

ती मान खाली घालून म्हणाली, "एकमेकांची नावं बाहेर घ्यायची नाहीत अशी आमची शपथ आहे." शेवटपर्यंत नाव घेतलं नाही तिनं. मेंढ्याच्या शिंगाची ती मूठ तू आपल्या बाबांच्या कानसीनं घासून बनवलीस, तुझी खूण तू स्वतः कोरलीस, आणि ती खूण अंगावर घेऊन ती पोर तिथं एकटी उभी होती.

आणि मला फोनवर तू काय म्हणाला होतास? "ऑड्री, शपथ म्हणजे शपथ." वा रे वा! शपथ पाळणं म्हणजे काय ते मी काल तिच्यात बघितलं. तू शपथेची गोधडी करून डोक्यावरून ओढून घेतलीस. इतका संताप मला बाबा गेल्यानंतरच्या त्या भांडणातही आला नव्हता.

मग मला बोलावलं. मी सांगितलं, मी चेटकीण आहे, गुडघे धड होते तेव्हापासून. पुन्हा लोक हसले. हसू देत. माझ्याकडे गमवायला कोंबड्यांशिवाय काय आहे? त्या कोवळ्या वकिलानं मलाही ती मूठ दाखवली.

"ही खूण ओळखता?"

तांबडीचं मी वर उगाच लिहिलं, मुरंब्याचंही. हे लिहायचं होतं आणि हात वळत नव्हता.

मी तुझं नाव घेतलं, लेनर्ड. पूर्ण नाव, शाळेच्या नावासकट. त्यानं दिली, धुपाच्या जुड्या बांधायचे दोरे कापण्यासाठी दिली, त्याच संध्याकाळी ती वापरायची होती, हे सगळं सांगितलं. ब्रॉनवेन माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको म्हणून. शपथ मी मोडली. मला पश्चात्ताप होत नाहीये.

बाईंनी विचारलं, "मग ते गृहस्थ स्वतः का आले नाहीत?" माझा एकटीचा शब्द त्यांना पुरत नाही. गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा तारीख आहे. तू येऊन म्हणालास की सुरी माझी, मीच दिली, पूजेसाठी दिली, तर पोर सुटेल, धर्मकार्याच्या सुरीला कायद्यात सूट आहे, असं तिचा वकील म्हणतो. नाही आलास तर काय होईल तेही त्यानं सांगितलंय.

तिला मंडळात घेतलं तो दिवस आठवतो? माझ्याच बैठकीच्या खोलीत, सोफा भिंतीला सरकवून. तिच्या डोळ्यांवर पट्टी होती, अंग कापत होतं. तू तुझ्या काळ्या सुरीचं टोक तिच्या छातीवर टेकवलंस आणि विचारलंस, "मनात भीती आहे? असेल तर इथूनच मागे फीर, भीती घेऊन आत येता येत नाही." किती रुबाबात विचारलंस! आणि ती म्हणाली, "भीती बाहेर ठेवून आलेय." तेव्हा तिनं खरं सांगितलं होतं, हे काल कळलं.

गुरुवारी मी कोर्टाच्या दारात उभी असेन. माझी सुरी तिथला शिपाई आत नेऊ द्यायचा नाही, पण सुरी नसली तर बोट चालतं, हेही तूच आम्हाला शिकवलंस. तू पायऱ्या चढून आलास की ते बोट तुझ्या छातीवर टेकवीन आणि तोच प्रश्न विचारीन.

उत्तर घेऊन ये. नाहीतर माझ्या कोठारात यापुढे जे वर्तुळ आखेन, त्यात तू बाहेर राहशील.

तुला चालायला शिकवणारी,
ऑड्री