टपालाने उलटतपासणी

१४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

विमानात कानात बोळे घालून बसले होते, तरी उजवा कान अजून बुजलेलाच आहे. बाकी खुशाल. खोली चौथ्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल आणि एक कपाट, ज्याचं दार मिटायला गुडघा लावावा लागतो.

कॉलेजचा रखवालदार मला पाहिलं की उठून दार उघडतो. चार दिवस मला वाटलं, इथली माणसं फार सभ्य. पाचव्या दिवशी कळलं की तो मला प्राध्यापक समजतो. पन्नाशी उलटलेली बाई वह्या छातीशी धरून शिकायला येईल हे त्याच्या स्वप्नातही नाही. मी काही बोलले नाही. दार जड आहे.

वर्गात आम्ही एकोणीस जण, अकरा देशांचे, आणि ज्याचा त्याचा कायदा निराळा. माझ्या बाकावर तिघं आहेत. एक कलमकाका, वय वर्षं चोवीस. त्याच्या देशात सगळा कायदा एका जाडजूड ग्रंथात लिहिलेला आहे, त्यामुळे हा शिंकला तरी कलम सांगून शिंकतो. दुसरी दाखलाबाई. तिच्याकडे आधीच्या न्यायाधीशांनी काय म्हटलं तोच कायदा. शंभर वर्षांपूर्वीच्या खटल्यातल्या माणसांबद्दल ती शेजारपाजारच्यांसारखं बोलते. तिसरा बेटावरचा बाप्या. त्यांच्याकडे दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवतात आणि पुन्हा बोलायला लागेपर्यंत उठू देत नाहीत.

पहिल्याच तासाला प्रोफेसरबाईंनी विचारलं, की एकाने शेजाऱ्याला घोडा देईन म्हणून शब्द दिला आणि दिला नाही, तर काय करायचं. कलमकाका म्हणाला, लेखी होतं का आणि कोणासमोर. दाखलाबाई म्हणाली, शेजाऱ्याने बदल्यात काय दिलं. काहीच नसेल तर तो शब्द म्हणजे नुसता वारा. बाप्याने विचारलं, त्या माणसाचं मन का फिरलं हे कोणी त्याला विचारलं का. मग माझी पाळी आली. बावीस वर्षांची कोर्टातली सवय, दुसरं काय. मी उठले, मान लववली आणि पुढची तारीख मिळावी अशी विनंती केली. आता वर्गात मला सगळे 'तारीख' म्हणतात.

तुझ्या बाबांना सांग, कवळ्यांच्या नादात जेवणाची वेळ टाळू नका. दुसऱ्यांच्या दातांची सोय करताना आपल्या पोटाचे हाल कशाला. 

कळावे. लोभ आहेच, तो तसाच वाहता ठेवणे आणि पाण्याची टाकी दर आठवड्याला धुणे.
तुझी आई

२८ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

टाकी धुतली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तू शांतपणे वाचशील.

पेपर बरे गेले असं तू लिहिलंस, वाचून आनंद झाला. निकाल लागला की लगेच कळव. शाळेत मी या वर्षी सहावीला चित्रकला शिकवते. 'माझी आई' काढायला सांगितलं, तर एका मुलीने ओट्याशी उभी असलेली आई काढली आणि बाजूला चिठ्ठी लिहिली, की बाईंची आई परदेशात असल्याने त्यांनी रडू नये. मी रडले नाही. कोर्टातले तुझे कारकून येऊन गेले. म्हणाले, समोरच्या बाजूचे वकील हल्ली फार माजलेत, ताई कधी येणार.

गेल्या रविवारी औषधांच्या दुकानात तुझा फोन आला तेव्हा मागे गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून बाबांनी आटोपतं घेतलं. ते कामात अगदी बुडालेत. थंडीत लोकांना दात आठवतात वाटतं. त्यांची नेहमीची ओळ खाली आहेच.

लोभ करतेसच, रागावणं कमी करावे, ही विनंती.
तुझी भिंगरी

मी मजेत आहे. काळजी नसावी. – बाबा

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद आहेत, पण तूर्त राखून ठेवले आहेत.

तुला काही प्रश्न विचारायचे आहेत. उत्तरं खरी द्यावीत, कारण मला ती बहुतेक ठाऊक आहेत.

पहिला प्रश्न. तुझे बाबा गेली तीस वर्षं अक्षरांवर रेघ देत नाहीत. लग्न ठरल्यावर त्यांचं पहिलं पत्र आलं, तेव्हा माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा अर्धवट शिकलेला आहे. मग या वेळच्या ओळीवर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ कशी आली? आणि ती रेघ चित्रकलेच्या बाईंच्या रेघेशी इतकी कशी जुळते?

दुसरा. 'काळजी नसावी' असं ते कधी म्हणतात का? ते म्हणतात, 'काळजी करून काय होणार, करायची तर कर.'

तिसरा. या रविवारी फोनवर मी त्यांना मुद्दाम म्हटलं, कॉलेजच्या कचेरीचा नवा नंबर लिहून घ्या. त्यांनी सांगितलं, पाठ करतो. ज्या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख पाठ नाही, तो सात आकडे पाठ करणार? लिहून का घेतला नाही?

निकालाचं विचारलंस. इथे सगळं सावकाश असतं.

उलट टपाली उत्तर यावे. लोभ उत्तरावर अवलंबून.
आई

२४ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गुन्हा कबूल.

अठरा डिसेंबरला बाबा मागच्या खोलीत स्टुलावर चढले होते. कपाटावर काहीतरी ठेवायचं होतं म्हणे. काय, ते सांगत नाहीत. तोल गेला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. दवाखान्यात नेताना वाटेतच त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की तुला कळवायचं नाही; कळलं तर तू वह्या टाकून परत येशील. ओळ लिहायची कल्पना माझी. शिक्षा मलाच दे.

डॉक्टर म्हणतात, बटण लावता येईल, चमचा धरता येईल. बारीक कामाचं आज सांगता येणार नाही. सध्या शाळा सुटल्यावर मेणात दात मी कोरते, आणि बाबा स्टुलावर नव्हे, खुर्चीवर बसून ओरडतात. माझी पहिली कवळी दाताच्या डॉक्टरांनी परत पाठवली. दात फार सुबक झाले होते. पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा हसले की बोहल्यावरच्या नवरीसारखे दिसत होते. बाबा त्या दिवशी अपघातानंतर पहिल्यांदा पोटभर हसले. मग बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. तेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
भिंगरी

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेलेही यात धरावेत.

पत्र वाचून आधी खूप रागावले, मग रडले, मग खानावळीत जाऊन तिघांसमोर खटला मांडला. कलमकाकाने तिथल्या तिथे ग्रंथ उघडला. नवरा-बायकोने एकमेकांशी सचोटीने वागावं असं कलम निघालं. बाबा दोषी. दाखलाबाई म्हणाली, मी हाताबद्दल थेट विचारलं होतं का? नसेल तर नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र खोट्या ओळीबद्दल तुला ती सक्तमजुरी देणार होती. मेणात दात कोरतेस हे सांगितल्यावर म्हणाली, ती भोगतेच आहे.

बाप्या सगळं ऐकून घेत होता. सूप गार झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, की तू घरी काय सांगितलेलं नाहीस.

मी प्रोफेसरबाईंना देते तेच उत्तर द्यायला निघाले होते, पण तारीख मागता येईना.

भिंगरे, मी नापास झाले. निकाल डिसेंबरातच लागला. मी उत्तरपत्रिका नव्हे, वकीलपत्र लिहिलं होतं. प्रत्येक प्रश्नात एक बाजू घेतली आणि दुसरीचा फडशा पाडला. बाईंनी खाली शेरा मारला, की खटला तुम्ही जिंकलात, पण प्रश्न तसाच राहिला. बावीस वर्षं जे येत होतं, तेच इथे आड आलं. एप्रिलमध्ये पुन्हा बसता येतं.

पण मी येते. सोमवारी तिकिटाचं पाहणार आहे. बाबांचा हात असा असताना इथे बसून काय करू? असं लिहिते खरी, आणि लिहिताना मलाच वाटतं, की तो हात मला निमित्ताला बरा सापडला. हे त्यांना वाचून दाखव अगर दाखवू नकोस.

लोभ असू द्या, दोघांनीही.
आई

१६ फेब्रुवारी

सौ. वकीलसाहेबांस,
स. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितो. दोन दिवस लागले, म्हणून लहान वाक्यं.

तू नापास झालीस हे मला अठरा डिसेंबरपासून ठाऊक आहे. कॉलेजचं पाकीट घरच्या पत्त्यावर आलं. लेक शाळेतून यायची वेळ झाली होती. तिने पाहिलं असतं तर तिने तुला धीराची पत्रं लिहिली असती. धीराची पत्रं आली की तू चिडतेस. म्हणून पाकीट कपाटावर टाकायला स्टुलावर चढलो. पुढचं तुला माहीत आहे.

तेव्हा हात तुझ्यापायी मोडला असं म्हणता येईल. पण तू मला उलटतपासणीत टिकू देणार नाहीस, म्हणून म्हणत नाही.

तू यावंस असं वाटतं का? वाटतं. रोज चार वाजता वाटतं, चहाच्या वेळी. पण येऊन तू हाताचं काय करणार? तो डॉक्टरांनी जोडलाय. पहिला खटला हरलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कोर्टात निघालीस, कोट उलटा घालून. मी कोपऱ्यापर्यंत धावत आलो होतो. घरी बस असं तेव्हा म्हटलं नाही. आताही म्हणत नाही, आणि ये असंही म्हणत नाही.

तिकीट काढलं असशील तर दार उघडं आहे. परीक्षा देऊन आलीस तर मला जास्त बरं वाटेल, इतकंच.

लोभ जुनाच. अक्षराला हसू नये.
तुझा कवळीवाला

२ मे

ती. कवळीवाल्यांस सा. न. आणि चि. भिंगरीस आशीर्वाद वि. वि.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी तिकिटाच्या कचेरीपर्यंत गेले होते. रांगेत माझ्यापुढे दोन माणसं होती. एक उरला तेव्हा बाहेर पडले. हे तुम्हाला तेव्हा लिहिलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणार नाही याची खात्री नव्हती.

मग महिनाभर त्या तिघांनी मला पिंजून काढलं. मी एक बाजू मांडली की कलमकाका दुसरी मांडायला लावायचा, दाखलाबाई तिसरी, आणि बाप्या विचारायचा की यात घोड्याचं काय मत. निकाल काल लागला. पास. गुण विचारू नयेत, पुरले. कॉलेजच्या कचेरीत आधीच सांगून ठेवलं होतं, की माझ्या घरी पाकीट पाठवू नका, काय ते मीच कळवीन. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, आमच्याकडे कपाट उंच आहे.

उरलेले पेपर झाले की एकवीस जूनला पोचते. रखवालदाराला काल खरं सांगितलं. तो म्हणाला, त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. प्राध्यापक इतक्या लवकर येत नाहीत.

भिंगरे, बाबांनी परवा सुरी हातात धरली आणि अर्धा दात कोरला असं तू लिहिलंस. ते वाक्य मी कितीदा वाचलं ते विचारू नकोस. त्यांना म्हणावं, घाई करू नका. उरलेला अर्धा मी आल्यावर. मला शेजारी बसून बघायचाय.

लोभ आहेच. आता समोर येऊनच मागेन.
तुमची
तारीख