गेल्या तीन वर्षांत घडलेल्या घटना

२ सप्टेंबर

चि. भाऊस ताईचे अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तुझ्या कारखान्याची घरघर ऐकू येते आणि तू प्रत्येक गोष्टीला हो म्हणतोस, म्हणून लिहिलेलं बरं. शिवाय सोबत कागद आहेत.

एक संस्था आमच्या शाळेला निधी द्यायला निघाली आहे. शाळेची सुरक्षितता आणि मुलींचं मानसिक स्वास्थ्य, असा विषय. समुपदेशक बाईंचा दोन वर्षांचा पगार ते देणार, त्यांच्यासाठी एक खोली सजवून देणार, आणि मला धरून सगळ्या शिक्षिकांना प्रशिक्षण फुकट. फुकट म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते, तुला ठाऊक आहे. यांना यातून काय मिळणार? अर्ज बावीस पानी. मुलींना एकेकटं बसवून प्रश्न विचारायची परवानगीही मागितली आहे. आम्ही तेव्हा खोलीबाहेर थांबायचं म्हणे. माझ्या मुली परक्या बाईला काय सांगतात ते मलाच कळणार नाही, हे कसलं स्वास्थ्य? पण नववीतल्या दोघी डबा तसाच परत नेतात, एक तर भर वर्गात रडते, आणि मला खरंच समुपदेशक हवी आहे. नाहीतर तो अर्ज मी केव्हाच केराच्या टोपलीत टाकला असता.

चौथा भाग इमारतीच्या सुरक्षिततेचा आहे. तो सुरक्षा अधिकाऱ्याने तपासून सही करायची. घरात एक असताना बाहेरचा कशाला शोधू? दुरुस्त्यांची यादी आणि पावत्या जोडल्या आहेत. ‘गेल्या तीन वर्षांत घडलेल्या घटना’ या रकान्यात मी शून्य भरलं आहे, उरलेलं तू भर.

भिंगरीला माझा गालगुच्चा. वहिनीच्या आजारपणात दोन वर्षं माझ्या घरात आणि शाळेत नाचलेली पोर, तुमच्याकडे परत गेल्यापासून दोन ओळी लिहीत नाही.

उत्तराला उशीर केलास तरी माया करणारी,
ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कागद मिळाले. फुकटाचा वास मलाही आला, म्हणून आधी संस्थेची चौकशी केली. निधी मिळालेल्या दोन शाळांना फोन केले. दोन्हीकडे समुपदेशक रुजू आहेत आणि कुणी कुणाला फसवलेलं नाही. तेव्हा तुझ्या पालीला गप्प बसव.

माझी पाल मात्र तुझ्या शून्यावर बसली आहे. रागावू नकोस. आमच्या कारखान्यात थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही वही असते. ज्या विभागाची वही कोरी, तिथे मी सगळ्यात आधी जातो. सहाशे मुली, तीन वर्षं, आणि एकही पडली नाही, अडकली नाही, घाबरली नाही? शाळा आहे की शाळेचा फोटो?

दुसरं, यादीत ‘मुलींच्या स्वच्छतागृहांच्या दारांवरील बाहेरच्या कड्या काढणे, नग अकरा’ असं लिहिलं आहे. आमच्याकडे कुणाचं तरी बोट गेल्याशिवाय यंत्राला जाळी बसत नाही. काही घडलंच नाही तर अकरा कड्या कशा निघाल्या? सहज विचारतो.

भिंगरीची खबर मात्र चांगली नाही. शाळेत दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही, घरी आल्यावर उभ्याउभ्या तीन पेले पिते. बाथरूमची कडी लावत नाही. हिला, म्हणजे आईला, दाराबाहेर उभं करते आणि आतून सारखं बोलत राहते. तेरा वर्षांची घोडी! डॉक्टर म्हणतात, शरीरात दोष नाही. तू आता प्रशिक्षित होणार, तुला काही सुचतं का?

तुझ्या छडीला अजून घाबरणारा,
भाऊ

१६ सप्टेंबर

चि. भाऊस अ. उ. आ., कानउघाडणीसकट.

सही मागितली तर तू उलटतपासणी सुरू केलीस. मी एकतीस वर्षं शाळा चालवते आहे, रंगाचा कारखाना नव्हे. कड्या काढल्या कारण सुट्टीत सुतार रिकामा होता. झालं समाधान?

प्रशिक्षणाचे दोन दिवस झाले, आमच्याच सभागृहात. शिकवणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची. खुर्च्या गोल मांडते आणि कुणी बोललं नाही तर तीही बोलत नाही, नुसती थांबते. काल तिने सांगितलं, जिचं ऐकायचं राहून गेलं असं वाटतं अशा एका मुलीबद्दल चार ओळी लिहा. नाव नको, कुणी वाचणार नाही. बाकीच्या माना खाली घालून लिहीत होत्या. मी कागद कोरा दिला. तिने तो घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. मला तिचा संशयच येतो. मधल्या वेळेत ती आमच्या शिपाईबाईंशी जिन्यापाशी बोलताना दिसली. बाई माझ्याकडे अठरा वर्षं आहेत, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की.

भिंगरीचं म्हणशील तर वयच तसं आहे. तिला फार खोदून विचारू नका, आपोआप निवळेल. चौथा भाग महिनाअखेरीच्या आत पाठव.

लोभ आहेच, वाढवायचं तुझ्या हातात.
ताई

२३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

तूच जोडलेली सुताराची पावती माझ्यापुढे आहे. तारीख दोन वर्षांपूर्वीची, बारा फेब्रुवारी. त्या दिवशी शाळा भरलेली होती. वर ‘तातडीचे काम’ असा शेराही आहे. सोळा फेब्रुवारीला तू भिंगरीला आमच्याकडे आणून सोडलंस. परीक्षा महिन्यावर आली असताना. घरच्या आठवणीने झुरते, असं म्हणालीस. हिला तेव्हा नुकतं बरं वाटू लागलं होतं, पोर घरी आली यातच आम्ही खूश. मी मूर्ख. रोज लोकांच्या कोऱ्या वह्या पकडतो आणि घरातलं मला दिसलं नाही.

काल जेवताना भिंगरीला विचारलं की आत्याच्या शाळेत काय झालं होतं. तिने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाली, आत्याला विचारा. म्हणून विचारतो.

चौथ्या भागावर मी सही करत नाही, तो तसाच परत पाठवतो आहे. तुला नाही म्हणणं जड जातं, त्या रडणाऱ्या मुलीचाही विचार मनात येतो. पण जे माहीत नाही त्याखाली मी आजवर सही केलेली नाही.

लोभ आटू देऊ नकोस असं नेहमी लिहितो. या वेळी माझाच आटतोय की काय अशी भीती वाटते, लवकर लिही.

भाऊ

२५ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न.

मी बरी आहे. सहामाही परीक्षा झाली, गणित सोपं गेलं.

बाबा रोज विचारतात. आई विचारत नाही, पण दाराबाहेर उभी असताना रडते, ते मला आत ऐकू येतं. मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. तू म्हणाली होतीस की बाहेर कळलं तर शाळा बंद पडेल आणि सगळ्या मुलींचं नुकसान होईल. म्हणून मी शब्द पाळला.

मला एवढंच विचारायचं होतं की शब्द किती वर्षं पाळायचा असतो. दहावीपर्यंत असेल तर चालेल. त्याच्यापुढे मला जमेल असं वाटत नाही.

शाळा अजून चालू आहे ना?

तुझी
भिंगरी

१ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आत्याचे अ. उ. आ.

तुला त्या शब्दातून आजपासून मोकळं केलं. खरं तर तो मी घ्यायलाच नको होता.

हे पत्र आईबाबांना वाचून दाखव. नको वाटलं तर दाखवू नकोस. पण मी सगळं लिहिते, म्हणजे सुरुवात तुला करावी लागणार नाही. मोठ्या सुट्टीत तू प्रयोगशाळेमागच्या, फारसं कुणी जात नाही त्या स्वच्छतागृहात गेलीस. मोठ्या मुलींनी गंमत म्हणून बाहेरून कडी सरकवली, घंटा झाली आणि त्या पळाल्या. तुझ्या बाईंना वाटलं तू माझ्याकडे असशील, मला वाटलं तू वर्गात आहेस. पाच वाजता शिपाईबाई कुलपं लावायला गेल्या म्हणून सापडलीस. चार तास. पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. तू थरथरत होतीस आणि मी आधी तुला जवळ घेतलं नाही, आधी शब्द घेतला. मग घाईघाईने घरी पोचवलं, कारण तू समोर बसलीस की मला जेवण जात नव्हतं.

या संस्थेच्या नावाने मी बाबांपाशी महिनाभर कुरकुर करते आहे. खरी गोष्ट एवढीच की ते मुलींना विचारणार होते आणि मुली सांगणार होत्या, याची मला धास्ती होती.

शून्य खोडून त्या रकान्यात ही घटना लिहिली आहे. तुझं नाव नाही. चार तास, आणि जबाबदारी मुख्याध्यापिकेची. अर्ज याच पाकिटात बाबांसाठी घातला आहे. निधी मिळेल की नाही ठाऊक नाही, मला या खुर्चीवर ठेवतील की नाही तेही नाही.

शाळा चालू आहे, बाळा. ती तुझ्यामुळे कधीच बंद पडणार नव्हती. मी खोटं बोलले होते.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर तू लगेच हो म्हणशील, तशीच आहेस तू.

आत्या

८ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार वगैरे या वेळी राहू दे. काल संध्याकाळी भिंगरीने तुझं पत्र आम्हा दोघांना वाचून दाखवलं. उभी राहून, वर्गात वाचतात तसं. ही मध्येच उठून आत गेली आणि तोंड धुऊन परत आली. मी काय काय बोललो ते कळवत नाही. भेटशील तेव्हा तोंडावर बोलेन, तयारीने ये.

वाचून झाल्यावर भिंगरीने माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि पत्रातल्या ‘मोठ्या सुट्टीत’मधलं ‘मोठ्या’ खोडून वर ‘छोट्या’ लिहिलं. छोटी सुट्टी साडेदहाची, ताई. तू तिला कधी विचारलंच नव्हतंस ना? मोठी सुट्टी झाली तेव्हा ती आतच होती. मैदानावर सगळ्या खेळत होत्या, त्या गलक्यात तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. दाराच्या फटीतून तुझ्या खोलीची खिडकी दिसायची म्हणे. तू डबा खात होतीस. प्रत्येक तासाची घंटा तिने मोजली आहे, आणि हे सगळं ती अगदी शांतपणे सांगत होती.

अर्ज परत पाठवतो आहे. चार तास खोडून साडेसहा कर, मग सही करतो. लोभाचं त्यानंतर बघू.

भाऊ