गादीवरचं बोलणं

गोरेगाव, ता. सेनगाव
१७ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्निल यास भागवतदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सकाळी म्हशीची धार अर्धी टाकून मी तातेरावाच्या घरी गेलो. नात आरोहीला त्यानं नांदेडच्या दवाखान्यातून मधेच घरी आणल्याचं कळलं होतं. लेकरू ओसरीवर टोपी घालून बसलं होतं. केस गेलेत, पण मला पाहून हसलं. तातेराव म्हणाला की केमोचे हाल आता पुरे. तुझ्या भावाचं औषध आलं की एका सुईत काम होतंय.

असं कोण म्हणालं, विचारलं, तर माझ्यावरच डाफरला. म्हणाला, सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला महाराजांनी गादीवरून सांगितलं की स्वप्निल डॉक्टरनं रक्ताच्या कॅन्सरवर औषध शोधलं, तेव्हा तुझा भाऊ शाल पांघरून समोरच बसला होता अन् तू टाळ घेऊन मागं. मग आता काहून विचारून राहिला?

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. औषध असेल तर तिला बोलावून घे. नसेल तर तसं कळव. माय बरी आहे. सत्काराचा फोटो पाहून तू वाळलास असं तिनं ठरवलंय. जेवत जा.

तुझा दादा,
भागवत

पुणे
२२ फेब्रुवारी

ती. दादांस, साष्टांग नमस्कार.

औषध नाही, दादा. रोग्याच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, कॅन्सरच्या पेशीवरची एक खूण ओळखायला त्यांना शिकवायचं आणि परत रक्तात सोडायचं, असा हा उपचार. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये तो माणसांना मिळतोही. आरोहीच्या प्रकारात ती खूण नसते. तिच्यासाठी दुसरी खूण शोधणं हे माझं काम, आणि ते अजून उंदरांच्या पुढे गेलेलं नाही. केमोनं तिचा आजार दबत होता. मधेच सोडली तर उलटतो. एक दिवसही घालवू नका.

मी तातेरावकाकांना फोन केला. ते हसले. म्हणाले, मोठी माणसं आपल्या तोंडानं मोठेपणा सांगत नसतात. पाठव तुझ्या सवडीनं.

कीर्तनात गप्प का बसलो, हे तुम्ही विचारलं नाहीत. गादीवर बसलेल्याला कोण अडवतं? आणि खरं सांगतो, ऐकायला बरंही वाटलं.

मायला नमस्कार.

आपला,
स्वप्निल

गोरेगाव
१ मार्च

चि. स्वप्निल यास आशीर्वाद.

तुझं पत्र तातेरावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे तूच लिहून आणलंस. धाकट्याचं नाव झालेलं थोरल्याला बघवत नाही. पोरीला परवापासून ताप आहे. माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील. एका दिवसासाठी ये आणि देवळात चारचौघांत सांग. जीपच्या थांब्यावर मी येतो.

वाट पाहणारा,
भागवत

पुणे
६ मार्च

ती. दादांस सा. न.

आता निघणं जमत नाही. आमच्या कामाची तपासणी आहे. शिवाय गावासमोर महाराजांना खोटं पाडायचं, हे बरं दिसेल का? मायला त्याच गावात राहायचं आहे. पाडव्याला गाव माझी मिरवणूक काढतंय, तेव्हा येतोच आहे. काकांना बाजूला घेऊन सांगेन.

राग नसावा.

स्वप्निल

नांदेड
१२ मार्च

चि. स्वप्निल,

परवा एकादशीचं भजन संपल्यावर मी देवळात उभा राहिलो. पांडुरंगाला हात जोडले आणि म्हणालो की महाराज गादीवरून बोलले ते खरं नव्हतं. माझ्या भावाकडे आरोहीसाठी औषध नाही. आमच्या घराण्यात कुणी गादीचा शब्द मोडला नव्हता.

कुणीतरी माझ्या हातातले टाळ काढून घेतले. तातेराव म्हणाला की भावाचं चांगलं झालेलं पोटात दुखून राहिलं ह्याच्या. मागून एकानं विचारलं, असं असेल तर डॉक्टर स्वतः का बोलला नाही? मी म्हणालो, त्याला लाज वाटते.

आरोहीची आई बायांमधून उठली आणि कुणाकडे न पाहता घरी गेली. काल उजाडायच्या आत पोरीला कडेवर घेऊन आमच्या दारात उभी. सासऱ्याला विचारलं का, म्हटलं, तर म्हणाली, विचारून पाहिलं की इतके दिवस. जीपनं हिंगोलीला आणि तिथून इथं आणलं. डॉक्टर म्हणाले, आजार उलटलाय; औषध पुन्हा सुरू करतो, पण भरवसा देत नाही. आरोहीनं मला विचारलं की स्वप्निलकाका इथंच असतो का. मी नाही म्हणालो.

पाडव्याला येऊ नकोस. मिरवणूक होणार नाही, असं निघण्याआधी सरपंचाला सांगून आलो आहे.

भागवत