ताईच्या पुस्तकाला माझे गुण

ताई,

परीक्षकांच्या बैठकीला जातेय. दूध तापवलंय, विरजण तू लाव.

बक्षीस एकच, आणि विनोदी प्रेमकथांच्या ढिगात प्रौढांना शिकवायची हस्तपुस्तकंही आलीत. एकावर नाव नव्हतं, पण ‘शिकणारा चुकला तर आपण आधी हसू नये’ हे वाचलं आणि तूच दिसलीस. मला का नाही बोललीस? मी नावं ठेवीन असं वाटलं?

आता खरं सांगून मला बाजूला व्हावं लागेल. उरलेल्या दोघा परीक्षकांचा जीव प्रेमकथांवर. त्या वाचून मीही खूप हसले. पण आजीबाई पहिली सही करतात, तो तुझा धडा वाचून रडले. तिथे माझे गुण धरणार नाहीत. तू तरी धर: पहिला नंबर तुझाच.

धाकटी